दर माणशी नव्हे, दर किलोला

जगातल्या बहुतेक भांडणांचं मूळ एकच असतं : मोजमाप नीट न होणं. जावाजावा दुधावरून भांडत नाहीत, कुणी किती घेतलं यावरून भांडतात. एकदा वस्तू काट्यावर ठेवली आणि आकडा चारचौघांत वाचून दाखवला, की माणसाला बोलायला तोंड उरत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. एकतीस वर्षं मी बाजारपेठेत वजनमापं तपासायची सरकारी नोकरी केली. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं किलोचं माप, करंगळीनं हळूच दाबलेला काटा, सगळं बघून झालंय. मी लांबून येताना दिसलो तरी व्यापारी माल परत तोलायला घ्यायचे. त्यामुळे निवृत्त झाल्यावर विमान कंपनीनं मला बोलावून ‘प्रवासी वजन कक्षा’चा प्रमुख केलं, यात नवल नव्हतं. असा कक्ष आधी कुणाला सुचला नव्हता, याचं मात्र नवल वाटतं.

कंपनीचा विचार अगदी सरळ होता. विमान इंधनावर उडतं आणि इंधन वजनावर जळतं, मग भाडं माणशी कशाला? बटाटे नगावर विकणाऱ्या बाईला आपण वेड्यात काढू. विमान कंपन्या इतकी वर्षं नेमकं तेच करत होत्या आणि कुणी ब्र काढत नव्हतं. तो आमच्या अध्यक्षांनी काढला. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, “एका खुर्चीत पंचेचाळीस किलोची मुलगी, शेजारच्या खुर्चीत एकशे दहा किलोचा गृहस्थ, आणि दोघांना भाडं एकच! हा अन्याय मला झोपू देत नाही.” (अध्यक्ष स्वतः एक्कावन्न किलोचे आहेत. हा योगायोग समजावा.)

नियमावली मी स्वतः लिहिली. एकूण बावीस कलमं आहेत, सगळी वाचून दाखवत नाही. थोडक्यात सांगायचं तर तिकीट काढताना प्रवाशानं आपलं वजन आपणच सांगायचं, विमानतळावर ते काट्यावर तपासायचं आणि फरक निघाला तर जागेवर भरायचा. माणूस आणि सामान एकाच काट्यावर. (बॅग हातात उचलून धरली की तिचं वजन लागत नाही, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत आहे. दिवसाला सरासरी चाळीस जण हा प्रयोग करतात.) कलम चौदाचा मला विशेष अभिमान. प्रवाशाचा आकडा काट्याच्या वर लावलेल्या बोर्डवर, हातभर उंच लाल अंकांत, रांगेतल्या शेवटच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल असा झळकला पाहिजे. बाजारात काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे असावं लागतं, तोच न्याय इथे लावला. चोरून काही नको.

पहिल्याच महिन्यात समाजाचं प्रबोधन सुरू झालं. एकूण ६,३४० प्रवाशांपैकी ६,११२ जणांनी तिकिटावर सांगितलेलं वजन प्रत्यक्षापेक्षा कमी निघालं. सरासरी तूट साडेसात किलो. उरलेल्या २२८ पैकी २०९ लहान मुलं होती. (मुलं वजन वाढवून सांगतात. पुढे ही सवय जाते.) राहिलेले एकोणीस जण खरं बोलले होते. त्यांची चौकशी चालू आहे.

काट्यावर चढण्यापूर्वी लोक काय काय उतरवतात, याची मी वही ठेवली होती. बूट, पट्टे, घड्याळं, किल्ल्या, स्वेटर, एकदा कवळी. गळ्यातलं सोनं बायको नवऱ्याच्या खिशात टाकते आणि नवऱ्याची पाळी आली की तेच सोनं पुन्हा बायकोच्या पर्समध्ये जातं. श्वास रोखून धरणारे दिवसाला शंभर, सगळा श्वास सोडून देणारे साठ. दोन्हींचा उपयोग सारखाच होतो, म्हणजे होत नाही, पण माणसाला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. एक आजोबा तर एका पायावर उभे राहिले. मी दुसरा पाय टेकवायला लावला, तरी आकडा तोच. “म्हणजे तुमच्या काट्यातच खोट आहे,” असं म्हणून त्यांनी लेखी तक्रार दिली. मी ती दाखल करून घेतली, कारण तक्रारीवर सही होती आणि तारीखही बरोबर होती.

तक्रारी इतरही येत होत्या. त्यांतली एक अध्यक्षांच्या मनाला लागली, कारण ती त्यांच्या सासऱ्यांची होती. घरात एक माणूस जड असला तर त्याचा भुर्दंड सगळ्या घरानं का सोसावा? यावर खूप खल होऊन ‘कुटुंब सरासरी योजना’ निघाली. सहा माणसांपर्यंतच्या कुटुंबाची एकत्र सरासरी काढायची, आणि ती साठ किलोच्या खाली आली तर त्या कुटुंबाला ‘हलके कुटुंब’ म्हणून सरसकट निम्मं भाडं. कुटुंब म्हणजे कोण, याची व्याख्या करायला कायदेशीर सल्लागारांनी तीन बैठका घेतल्या आणि अखेर ‘जे एकत्र येतील ते’ असं लिहून दिलं. (त्या दिवसांत त्यांच्याच घरी वाटणीचं चाललं होतं, असं कानावर आलं.)

लोक अडाणी असतात असं म्हणणाऱ्यांनी लोकांना हिशेब करताना पाहिलेलं नसतं. चौघांचं घर, वजन दोनशे छप्पन, सरासरी चौसष्ट. त्यात एक्केचाळीस किलोचा पाचवा माणूस घातला की सरासरी साठच्या खाली येते आणि पाचव्याचं तिकीट धरूनसुद्धा खर्च चाळीस टक्क्यांनी उतरतो. हे गणित लोकांना आठवड्याभरात कळलं. त्यानंतर गावातल्या किडकिडीत माणसांना दिवस आले.

आमच्या शेजाऱ्यांचा मेव्हणा घड्याळं दुरुस्त करतो. उंची बेताची, वजन एक्केचाळीस, सगळे त्याला काडी म्हणतात. जन्मभर या माणसाला कुणी ‘जरा खात जा हो’ यापलीकडे काही बोललेलं नव्हतं. आता त्याच्या दुकानासमोर सकाळी सहाला गाडी उभी राहू लागली. एका महिन्यात तो नऊ घरांत मेव्हणा होऊन गेला, सहा घरांत काका, चार घरांत मामा आणि एका ठिकाणी त्याच्याहून वयानं मोठ्या बाईंचा नातू. तिकडे उतरायचं, परतीच्या विमानात दुसरं कुटुंब धरायचं आणि घरी यायचं. मी एकदा विचारलं, “काय हो, एवढ्या वेळा गेलात, ते शहर कसं आहे?”

“संडास स्वच्छ आहेत,” तो म्हणाला. “बाकी काही अजून बघायला मिळालं नाही.”

असे सरासरीवाले दर विमानात पन्नास-पंचावन्न बसू लागले. पूर्वी विमानाच्या एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या जात, त्या भरल्या. म्हणजे वजन कमी दाखवण्यासाठी आणलेल्या माणसांच्या वजनानं विमान पूर्वीपेक्षा दोन टनांनी जड झालं. तिमाही अहवालात मी लिहिलं : प्रवाशांचं सरासरी वजन नऊ किलोंनी घटलं, योजना यशस्वी. टाळ्या पडल्या. इंधनाचा खर्च वाढल्याचं दुसऱ्या पानावर होतं, त्यासाठी वेगळी समिती नेमली. समितीचे सहाही सदस्य विमानानं आले. त्यांतले दोघे कुणीच नव्हते, सरासरीसाठी होते.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग माझी ताई आली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं, आणि मी एके काळी काडीच्या जातीचा होतो म्हणून अजून मला बारक्या म्हणते. बायकांचे कपडे शिवायचं तिचं दुकान आहे, दोन मशिनं आणि एक पडदा. अंगानं ती चांगली भरलेली. लहानपणी मला त्याचा आधार वाटायचा, अंधारात तिच्या मागे लपलं की मी कुणाला दिसत नसे. तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, लांबच्या शहरात असते. बसनं दोन दिवस लागतात, आमच्या विमानानं दीड तास. दोनदा आशा लागून मोडल्यावर आता भाचीचे दिवस भरत आले होते. जावई बोटीवर, चार महिने समुद्रात. पोर तिकडे एकटी. ताईनं महिनाभर आधीच दुकानाला कुलूप लावलं होतं.

तिनं जायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्यांदा ती रांगेत उभी राहिली, काटा तीन माणसांवर आला, पुढच्या बाई चढल्या, आकडा झळकला आणि मागून कुणीतरी म्हणालं, “बाप रे!” रांग हसली. ताईनं बॅग उचलली आणि घर गाठलं. दुसऱ्यांदा ती गर्दी नसेल म्हणून भल्या सकाळी आली, तर तेव्हाच रांग जास्त होती. (गर्दी नसेल म्हणून भल्या सकाळी येणाऱ्यांचं प्रमाण एकूण प्रवाशांच्या साठ टक्के आहे.) त्या संध्याकाळी तिनं मला फोन केला.

“बारक्या, तो बोर्ड तेवढा जरा बंद नाही का करता येत?”

“ताई, कलम चौदा आहे.”

“कुणी लिहिलंय ते?”

“मी.”

“मग खोड की!”

मी तिला शांतपणे समजावलं की आज बहिणीसाठी खोडलं तर उद्या मेव्हणीसाठी खोडावं लागेल, आणि अशानं वजनमापावरचा जनतेचा विश्वास उडेल. तिनं फोन ठेवला. मला स्वतःचा अभिमान वाटला. तो मी बायकोला बोलूनही दाखवला. तिनं माझ्यापुढे पाण्याचं भांडं जरा जोरात ठेवलं.

मंगळवारी भाचीच्या डॉक्टरांचा निरोप आला. बाळ आडवं आलंय, वाट बघण्यात अर्थ नाही, गुरुवारी सकाळी सिझर करणार. तिकडे जाणारं विमान दिवसाला एकच. म्हणजे ताईला बुधवारच्या विमानात बसायलाच हवं होतं. मी यादी काढून पाहिली : १६८ खुर्च्या, सगळ्या भरलेल्या, त्यांत सत्तावन्न सरासरीवाले. प्रतीक्षायादीत पहिलं नाव ताईचं.

बुधवारी ती आली. हातात एक पिशवी, तिनं शिवलेली दुपटी आणि झबली असलेली. काट्याजवळ तेव्हा एक बिल्डर, त्याची बायको, दोन धष्टपुष्ट मुलगे आणि त्यांचा मामा असे उभे होते. मामा म्हणजे काडी. खिडकीवरच्या मुलीनं ताईला सांगितलं, “मावशी, जागा नाहीये हो. उद्याचं बघू या का?”

“उद्या सकाळी तिला आत नेतायत,” ताई म्हणाली. “नवरा समुद्रात आहे. मी नाही पोचले तर दाराबाहेर कुणीसुद्धा नसेल गं.” शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. मला काय करावं सुचेना, म्हणून मी काट्याचं शून्य तपासत बसलो.

काडीनं हे ऐकलं. तो रांगेतून बाजूला झाला आणि आपला पास खिडकीवर ठेवला. “माझी जागा यांना द्या. मी तसाही कुठंच जात नाहीये.”

बिल्डर हबकलाच. “अहो मामा, असं काय करताय? आमची सरासरी!”

“मामा म्हणताय ना? मग मामाचं ऐका,” काडी म्हणाला आणि आपल्या दुकानाच्या दिशेनं चालू लागला. कलम सहाप्रमाणे रिकामी झालेली खुर्ची प्रतीक्षायादीला जाते. मी मुलीला मान हलवून खूण केली, तिनं ताईचं तिकीट काढलं.

आता फक्त काटा राहिला होता. पण बिल्डरच्या घरानं आरडाओरडा केल्यामुळे एव्हाना सगळी रांग आमच्याकडे बघत होती. मागचे टाचा उंचावून उभे. दोघातिघांनी मोबाइल वर धरलेले. ताई काट्याच्या एक पाऊल अलीकडे थांबली.

“बारक्या, बोर्ड बंद कर.”

“ताई, कलम...”

“गप्प बस.” आवाज तिनं चढवला नव्हता. “चाळीस वर्षं बायका माझ्यापुढे हात वर करून उभ्या राहिल्या. टेप लावली, आकडा वहीत लिहिला. एकीचाही तोंडानं म्हटला नाही कधी. पडद्याबाहेर कुणाची सासू बसलेली असायची, कुणाची जाऊ, कान टवकारून. आत आलेली पोरगी घाबरून माझ्या तोंडाकडे बघायची, की ही आता मोठ्यानं बोलते की काय. अरे, माप कपड्यासाठी असतं. गावाला सांगायला नसतं.”

काटा लोकांकडून दुसरीकडे वळवावा म्हणून एकतीस वर्षांत माझ्याशी पुष्कळांनी वाद घातला होता. ते सगळे चोर होते. चोर नसलेल्या माणसाला काही झाकायचं असू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला लाज वाटली. बावीस कलमं लिहिणाऱ्या माणसाला वाटते तेवढी वाटली. मी खाली वाकून बोर्डची पिन उपसली.

लाल आकडे विझले. रांगेतून “अरेऽऽ” असा आवाज आला. ताई चढली. काट्याच्या छोट्या खिडकीत आकडा आला, तो मी पाहिला, कागदावर लिहिला, घडी करून मुलीकडे दिला. ताई उतरली, माझ्या गालाला हात लावला आणि आत गेली. मी पिन परत खोचली. एकूण अकरा सेकंद.

पुढचं सगळं कार्यपद्धतीनुसार झालं. रांगेतून एकतीस लेखी तक्रारी आल्या. सगळ्यांचा मथितार्थ एकच : आमचा आकडा सगळ्यांनी बघितला, मग यांचाच का नाही? मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, खुर्ची दिली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ते नियमाचं राहू द्या हो. किती भरलं?” सामान चढवणाऱ्यानं विचारलं. सफाईवालीनं विचारलं. बिल्डर पूर्ण भाडं भरून गेला होता, त्यानं तिकडे उतरल्यावर फोन करून विचारलं. घरी बायको म्हणाली, मला कौतुक वाटतं तुमचं, फार चांगलं केलंत, आणि आता कुणाला सांगणार नाही, मला तरी सांगा.

गुरुवारी दुपारी ऑफिसात ताईचा फोन आला. “मुलगी झाली रे! दोघी सुखरूप. मी दारातच उभी होते.” ती रडत होती, मीही रडलो. अध्यक्षांसकट अख्खा कक्ष माझ्या टेबलाभोवती जमला. मी डोळे पुसले आणि मुलगी झाल्याचं, दोघी सुखरूप असल्याचं सगळ्यांना सांगितलं. “वा, वा!” सगळे एका सुरात म्हणाले. “वजन किती?”

“बाळाचं, की ताईचं?” मी विचारलं.

ते एकमेकांकडे बघायला लागले. “सांगताच आहात,” अध्यक्ष म्हणाले, “तर दोन्ही सांगा.”

मी एकही आकडा सांगितला नाही. इथेही लिहिलेला नाही, तुमच्या नजरेतून निसटलेला नाही. तुम्ही शहाणी, समजूतदार माणसं, वरच्या सगळ्यांना मनातल्या मनात हसून घेतलंत. चांगलं केलंत. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, आजी दारात होती. एवढ्यावर तुमचं समाधान झालं असेल तर तुमचा आमच्या रांगेशी काही संबंध नाही, घरी जा. नसेल झालं, तर या असे पुढे, चढा काट्यावर. बोर्ड चालू आहे.